‘ग्रुपवर टाकलं होतं ना!’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र पाठवणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत. वडील ७८ वर्षांचे, एकटे राहतात, बटणांचा साधा फोन वापरतात. फोनवरचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मुलांशी त्यांचा संवाद एसएमएसवर, मराठीत आणि अगदी नेमानं. बाकी सगळं घर व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर आहे. गेल्या महिन्यात आत्याचं, म्हणजे वडिलांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं, अचानक ऑपरेशन झालं. ग्रुपवर त्याच रात्री कळवलं गेलं, चाळीसेक जणांनी हात जोडले. वडिलांना चौथ्या दिवशी कळलं, तेही बोलण्याच्या ओघात. ‘मधे मी तिला दोन एसएमएस केले होते, उत्तर नाही आलं,’ एवढंच ते म्हणाले. ताईंनी भावाला जाब विचारला, तर तो म्हणाला, ‘ग्रुपवर टाकलं होतं ना! बाबांना आता स्मार्टफोन घेऊनच देऊ. किती दिवस त्यांच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं?’ ताईंना मात्र नेमकं उलटं वाटतंय. ग्रुपच्या टिंगटिंगीला आणि निळ्या टिकांच्या हिशेबाला त्या कंटाळल्या आहेत. आपणच ॲप काढून टाकावं, सगळ्यांना एसएमएस करायला सांगावं, असं त्यांच्या मनात घोळतंय. ‘एसएमएस साधा असतो, खासगी असतो, मधे कुठली कंपनी नसते,’ असं त्या लिहितात. त्यांचा प्रश्न: ॲप ठेवू की एसएमएसवर परत जाऊ? कोण बरोबर, मी की भाऊ?

ताई,

तुमच्या पत्रातलं कळीचं वाक्य तुमच्या भावाचं आहे. ‘ग्रुपवर टाकलं होतं ना!’ त्यातलं क्रियापद जरा निरखून बघा. ग्रुपवर आपण बातमी ‘टाकतो’. माणसाला ‘सांगतो’. टाकलेलं ज्याचं त्यानं उचलायचं. सांगायचं म्हटलं की समोरच्याला कळलं का, हे बघणं सांगणाऱ्याकडे येतं. त्या रात्री चाळीस जणांनी ती बातमी वाचली आणि प्रत्येकाला वाटलं की बाबांना कुणीतरी कळवलंच असेल. यात कुणी दुष्ट नव्हतं. पण ताई, त्या चाळिसांत तुम्हीही होतात, आणि पत्रात तुम्ही त्यावरून जरा घाईनं पुढे गेला आहात. टोचायला म्हणत नाही. तुमचा ॲपवरचा राग खरा कुठून येतोय ते दोघी मिळून बघावं, म्हणून म्हणते.

समजा, बाबांकडे त्या रात्री स्मार्टफोन असता. ग्रुपवरचे सुप्रभात, फुलं, पुढे ढकललेले सल्ले यांच्या गर्दीत ती एक ओळ त्यांना कधी दिसली असती? आणि समजा तुम्ही आधीच ॲप काढून टाकलं असतं, तर चौथ्या दिवशी कळणारी माणसं दोन झाली असती. म्हणजे भावाचा उपाय केला काय आणि तुमचा केला काय, बाबांचं त्या चार दिवसांचं दुःख होतं तिथेच राहतं.

आता एसएमएसबद्दलच्या तुमच्या समजाकडे येते. तो तुमच्या एकटीचा नाही, पुष्कळ सुजाण माणसांचा आहे. ‘मधे कुठली कंपनी नसते.’ असते ना, तुमची सिमकार्डाची कंपनी. तुम्ही पाठवलेला एसएमएस आधी तिच्या संदेश-केंद्रात जातो, तिथे थांबतो आणि समोरचा फोन जाळ्यात सापडला की पुढे सोडला जातो. या प्रवासात मजकुराला तुमच्या फोनपासून समोरच्याच्या फोनपर्यंत टिकणारं कुलूप नसतं. पोस्टकार्ड आठवतं? तसंच. कुणी मुद्दाम वाचत बसत नाही, पण वाचायचं म्हटलं तर वाचता येतं. शिवाय एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे संदेश नेणारी एसएस७ नावाची जी व्यवस्था आहे, ती १९७०च्या दशकातली. तेव्हा या जाळ्यात मोजक्याच, एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्या होत्या, त्यामुळे आत आलेल्यावर विश्वास ठेवायचा, असाच तिचा आराखडा. तिच्यातल्या फटींतून शिरून चोरांनी बँकेच्या कोडचे एसएमएस दुसरीकडे वळवले आणि लोकांच्या खात्यांतून पैसे काढले, असं २०१७मध्ये जर्मनीत उघडकीला आलं. त्याहून सोपी चोरी म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून घेणं. आणखी एक खोड. एसएमएस पाठवणाऱ्याचं नाव खोटं घालता येतं, आणि फोन बिचारा तो खोटा संदेश बँकेच्या खऱ्या संदेशांच्याच रांगेत नेऊन बसवतो. रांग ओळखीची दिसली म्हणून संदेशही खरा मानू नका.

व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६पासून सगळा मजकूर कुलूपबंद जातो. किल्ली फक्त दोन टोकांच्या फोनांत असते, मधल्या कंपनीकडे नसते. सिग्नल नावाच्या संदेशांच्या दुसऱ्या ॲपवर तसंच आहे, किंबहुना व्हॉट्सॲपनं हे कुलूप सिग्नलवाल्यांचंच उचललं आहे. टेलिग्रामबद्दल मात्र लोकांचा मोठा गैरसमज आहे. तिथल्या नेहमीच्या गप्पांना आणि ग्रुपला असं टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप नसतं, ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू केलं तरच लागतं. आणि कुलूप लागलं म्हणजे कंपनीला काहीच कळत नाही असंही नाही. आत काय लिहिलंय ते कळत नाही, पण कोण कुणाशी, केव्हा, कितीदा बोलतं ही नोंद तिच्या हाताशी असू शकते. व्हॉट्सॲपच्या गप्पांची प्रत तुम्ही क्लाउडवर ठेवत असाल, तर तिलाही वेगळं कुलूप लावावं लागतं. ती सोय २०२१मध्ये आली, पण ती आपली आपण सुरू करायची असते, आणि बहुतेकांनी ती सेटिंग कधी उघडूनही पाहिलेली नसते.

म्हणजे खासगीपणासाठी ॲप सोडून एसएमएसकडे जाणं हे वाड्याचा दरवाजा लावून ओसरीवर झोपण्यासारखं झालं.

पण मला नाही वाटत तुम्हाला खासगीपणा हवा आहे. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा ‘कंटाळा’, ‘हिशेब’, ‘टिंगटिंग’ हे शब्द दिसले. कुणी आपलं वाचतंय याची भीती कुठेही दिसली नाही. तुम्हाला शांतता हवी आहे, आणि ती अगदी रास्त मागणी आहे. फक्त तिच्यासाठी घर बदलायची गरज नाही. ग्रुप कायमचा मुका करता येतो. ‘अर्काइव्ह’ केला की तो नजरेआडही जातो आणि नवा संदेश आला तरी, सेटिंग तशी ठेवली असेल तर, वर उसळत नाही. ‘शेवटचं कधी दिसलं’ हे लपवता येतं. निळ्या टिका बंद करता येतात. मात्र मग दुसऱ्यांच्या टिकाही तुम्हाला दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये ही सवलत चालत नाही. ज्या ग्रुपशी तुमचा काही संबंधच उरलेला नाही, तो निमूट सोडता येतो. २०२२पासून त्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते, सगळ्यांसमोर दार आपटल्यासारखं होत नाही.

निळ्या टिकांवरून आठवलं. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण अभियंत्यानं संगणकावरून रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर ‘मेरी ख्रिसमस’ पाठवलं. जार्विसनी उत्तर दिलं नाही, कारण त्या फोनवर मजकूर लिहिण्याची सोयच नव्हती. तेव्हा ‘वाचलंस आणि उत्तर का नाही दिलंस’ हा राग या माध्यमाच्या जन्मापासून बिनबुडाचा आहे, असं मी माझ्या धाकट्या जावेला नेहमी ऐकवते. तिला पटत नाही.

विनोद बाजूला ठेवू. निळी टीक म्हणजे गप्पा पडद्यावर उघडल्या गेल्या, इतकंच. वाचणारा त्या वेळी रांगेत उभा होता, रडत होता की अर्धवट झोपेत होता, ते टीक सांगत नाही. एसएमएसमध्ये तर तेवढंही नाही. ‘डिलिव्हरी रिपोर्ट’ सुरू केलात तर संदेश फोनवर उतरला एवढं कळतं, कुणाच्या डोळ्यांखालून गेला ते नाही.

ॲप काढणारच असाल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जण फसतात. फोनवरून ॲप नुसतं पुसलं म्हणजे खातं बंद होत नाही. इतरांना तुम्ही तिथेच दिसत राहता. ते संदेश पाठवतात, एक टीक येते, त्यांना वाटतं फोन बंद असेल. असे न पोचलेले संदेश व्हॉट्सॲप ३० दिवस ठेवतं, मग टाकून देतं. म्हणजे लोकांच्या लेखी सांगून झालेलं असतं आणि तुम्हाला कळलेलं नसतं. तुम्ही अगदी बाबांच्याच जागी जाऊन बसाल, फक्त स्वतःहून. तेव्हा जायचं तर आतल्या सेटिंगमधून खातं रीतसर बंद करून जा, आणि जाण्याआधी ज्या आठ-दहा माणसांची तुम्हाला खरोखर गरज आहे, त्यांना एकेकट्याला कळवा. ग्रुपवर टाकू नका.

आता एसएमएसची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल मी भावाच्या पंगतीला बसले. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. तो फोनच्या जाळ्याच्या संकेतवाहिनीवरून, म्हणजे फोन आणि टॉवर आपसांतले इशारे ज्या वाटेनं पाठवतात तिच्यावरून जातो, म्हणून जिथे बोलणं तुटत असतं तिथेही तो कधीकधी निसटून पोचतो. त्याला ॲप नको, खातं नको, पासवर्ड नको. बटणांच्या फोनलाही तो कळतो आणि काल बाजारात आलेल्या फोनलाही. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सहा तासांच्या आसपास बंद पडलं होतं. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. त्या रात्री लोकांना एसएमएस आठवला, दुसऱ्या दिवशी विसरला. गंमत म्हणजे ॲप सुरू करताना नंबर पडताळायचा कोडही बहुधा एसएमएसवरच येतो. भाऊ ज्याला मागासलेलं म्हणतोय, त्याच्या खांद्यावर त्याचं ॲप उभं आहे.

त्याची मर्यादा जागेची. १६० अक्षरांचा आकडा तुम्ही ऐकला असेल. १९८५मध्ये एसएमएसची रचना ठरवणाऱ्यांपैकी एक, जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं आणि प्रश्न टंकून मोजले आणि बहुतेक सगळे १६०च्या आत बसतात, असं त्यांना दिसलं. पण तो हिशेब रोमन लिपीचा. देवनागरीत लिहिलं की एका एसएमएसमध्ये फक्त ७० चिन्हं मावतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला अदृश्य हलन्त, सगळं वेगळं धरलं जातं. ‘आत्याचं’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, फोन सात मोजतो. मजकूर ७०च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात, जोडणीची माहितीही आत घालावी लागते म्हणून तुकड्याला ६७च उरतात, आणि तितके एसएमएस धरले जातात.

तरी बघा, त्या रात्री काय पाठवायला हवं होतं? ‘आत्याचं ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आहे. सकाळी पुन्हा लिहिते.’ मी मोजलं. ५९ भरतात.

तुमच्या फोनवरच्या एसएमएसच्या ॲपमध्ये हल्ली ‘आरसीएस’ असं काहीतरी दिसलं असेल. तो मधला प्रकार आहे. सोय ॲपसारखी, म्हणजे फोटो, टिका, समोरचा लिहितोय ते दिसणं, पण पत्ता म्हणजे फोन नंबरच. आयफोनवरही तो २०२४च्या सप्टेंबरपासून आला. पण त्याला इंटरनेट लागतं आणि दोन्हीकडे तो सुरू असावा लागतो, नाहीतर संदेश गपचूप साधा एसएमएस होऊन जातो. कुलूपही दोन्ही बाजू जुळल्या तरच लागतं, तेव्हा पडद्यावर कुलपाची खूण आहे का ते बघून मगच नाजूक काही लिहा. बाबांच्या फोनसाठी त्याचा उपयोग नाही.

बाबांकडे वळते. ‘त्यांना जमणार नाही’ असं तुम्ही धरून चालला आहात आणि ‘त्यांना जमलंच पाहिजे’ असं भाऊ. त्यांना विचारलं कुणी? जो माणूस ७८व्या वर्षी बटणं दाबून दाबून मराठी एसएमएस लिहितो, त्याला पडदा चालवता येणार नाही असं मला तरी वाटत नाही. कदाचित त्यांना तो नकोच असेल. कदाचित नातवंडांचे फोटो मोठे बघायला हवे असतील आणि मागायचा संकोच असेल. प्रश्न ‘स्मार्टफोन घेऊ का?’ असा विचारू नका, वडील माणसं त्याला खर्चाचा प्रश्न समजून नाही म्हणतात. ‘काय कळायला हवं होतं आणि कळलं नाही, असं आणखी कधी झालं?’ असं विचारा, आणि मग मधे बोलू नका.

ते हो म्हणाले, तर फोन आणणं हे सगळ्यात सोपं काम. अवघड काम म्हणजे त्यांच्या शेजारी रोज अर्धा तास, पंधरा दिवस बसणं. भावाला विचारा, ते कोण करणार. पहिल्याच दिवशी ॲपला सहा आकड्यांचा आपला पिन लावून द्या, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात, आणि एकच गोष्ट त्यांच्याकडून घोकून घ्या: फोनवर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, मुलाचं नाव सांगून मागितला तरी नाही. चाळीस जणांच्या ग्रुपात लगेच घालू नका. आधी तुम्ही, भाऊ आणि ते, तिघंच. आणि जुना बटणांचा फोन काढून घेऊ नका.

ते नाही म्हणाले, तर विषय संपला. मग घराचा नियम एवढाच: आजारपण, मृत्यू, जन्म, ठरलेल्या बेतातला बदल, यातलं काहीही ज्यानं ग्रुपवर टाकलं, त्यानंच बाबांना एसएमएस करायचा आणि त्यांचं उत्तर आलं की ग्रुपवर लिहायचं, ‘बाबांना कळलं.’ ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. चाळीस जणांची ‘कुणीतरी कळवलंच असेल’ ही समजूत तिनंच मोडते. तुम्ही ‘मीच कळवत जाईन’ असं कृपा करून म्हणू नका. महिनाभरात ते तुमचंच काम होऊन बसेल आणि मग तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

हीच अडचण थोड्या वेगळ्या रूपात ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. कुणाची मुलगी ॲप सोडून गेली आहे, कुणाला कामाच्या ग्रुपनं रात्रीची झोप नकोशी केली आहे. माध्यम निवडताना आपल्या आवडीआधी निरोपाकडे बघा. तो चुकला तर काय बिघडेल, आणि तो भलत्याच्या हाती लागला तर काय बिघडेल? चुकून चालणार नसेल, तर समोरचा जे रोज बघतो तिथे पाठवा आणि उत्तर मागा. भलत्याच्या हाती लागून चालणार नसेल, खात्याचे तपशील असोत की तपासण्यांचे रिपोर्ट, तर एसएमएसवर नको आणि ग्रुपवर तर नकोच; कुलूपबंद ॲपवर, एकट्याला. बँकेसारख्या ठिकाणी एसएमएसच्या कोडऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं ॲप) किंवा पासकी (पासवर्डाऐवजी फोनमध्येच ठेवलेली किल्ली) वापरता येत असेल तर तसं करा. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनंही डिसेंबर २०२४मध्ये, ज्यांना लक्ष्य केलं जाण्याचा धोका जास्त अशांना हेच सांगितलं. दुसरी सोय नसेल तर एसएमएसचा कोड घ्या. काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

भावाशी बोलताना ‘तू कळवलं नाहीस’ इथून सुरुवात करू नका. ‘आपण दोघांनी कळवलं नाही’ इथून करा. त्याच्या ‘किती दिवस थांबायचं’ या वाक्यामागेही मला बाबा हातातून निसटत चालल्याची धास्ती दिसते. नवं यंत्र आणून ती भरून काढावी, असं मुलांना वाटतं खरं.

आणि एक राहिलंच. बाबांनी आत्याला दोन एसएमएस केले, उत्तर नाही आलं. तुम्ही ते ऑपरेशनच्या खात्यावर जमा केलंत. असेलही तसं. पण हल्ली नंबर बदलला की लोक ग्रुपवरच जाहीर करतात, आणि सोडलेला नंबर काही काळानं कंपनी दुसऱ्याच माणसाला देते. आत्याचा जो नंबर बाबांच्या फोनमध्ये आहे, तो तुमच्याकडच्या नंबराशी एकदा आकडा-आकडा ताडून बघा. चुकीचा निघाला तर बरोबर घाला, डिलिव्हरी रिपोर्ट सुरू करून द्या आणि तिसरा एसएमएस त्यांना स्वतःच करू द्या. आत्याला आधी सांगून ठेवा, की उत्तर एसएमएसवर द्यायचं.